मंडळी म्हणजे कोण?

(समाजाच्या व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या समाजाच्या सभागृहात ख्रिस्ती लोकांविषयी बोलायचे म्हटल्यावर थोडी कुजबुज होणार, हे गृहीत धरूनच मी उभा आहे. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू आणि अधूनमधून शिवचरित्र या आपल्या ठरलेल्या कार्यक्रमांत हा विषय बसत नाही. पण आपले हे पत्रक राजकारणावरही लिहिते, आणि ज्या प्रश्नावर येत्या काळात आपल्याला मत द्यावे लागणार आहे तो नीट माहीत असावा, एवढ्याचसाठी विषय घेतला आहे. कुणाचा धर्म चांगला नि कुणाचा वाईट, हे ठरवायला मी आलेलो नाही.

प्रथम एक घोटाळा दूर करतो. उज्जैनमध्ये ख्रिस्ती म्हटले की आपल्याला केरळहून आलेले फादर, सिस्टर, त्यांच्या शाळा आणि पुष्पा मिशन रुग्णालय आठवते. ते कॅथलिक, आणि त्यातही सिरो-मलबार परंपरेचे. त्यांचे इथले क्षेत्र १९६८ साली ठरले. मी बोलणार आहे ते त्यांच्याआधी सुमारे ऐंशी-नव्वद वर्षे माळव्यात आलेल्या प्रोटेस्टंट लोकांविषयी. आज ते ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या नावाने ओळखले जातात, थोडक्यात सी.एन.आय. इथे हिंदीत त्याला कलीसिया म्हणतात. मराठी ख्रिस्ती लोकांचा शब्द मात्र ‘मंडळी’ असा आहे. आपण घरात ‘काय मंडळी, जेवायला चला’ म्हणतो, तोच. एकत्र जमलेली माणसे. भिंती आणि घंटा त्यात नंतर आल्या.

ही माणसे आली कॅनडातून. १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे पहिले मिशनरी इंदूर आणि महू इथे उतरले. प्रेस्बिटेरियन म्हणजे स्कॉटलंडकडची परंपरा. तिच्यात बिशप नसतो, निवडलेले वडीलधारे कारभार पाहतात. पुढे रतलाम, नीमच, उज्जैन, धार असे एकेक ठाणे वाढत गेले. आपल्या उज्जैनला डॉ. जॉन बुकॅनन यांनी काम सुरू केले. नंतर ते इथून उठून थेट भिलांमध्ये, आमखुटला जाऊन राहिले. इंदूरला १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघाले. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्या कॉलेजात शिकले असतील, आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांना तिथे बायबलच्या तासाने काही झाले असेल! बीटी आणि ऑलिव्हर नावाच्या दोन डॉक्टर बायका १८८० च्या दशकात इंदुरास आल्या. त्यांच्या कामातून तिथे स्त्रियांचे रुग्णालय उभे राहिले.

होळकर दरबाराशी त्यांचे सुरुवातीला पटले नाही. भर बाजारात उभे राहून प्रवचन करण्यावरून खटके उडाले, तक्रारी इंग्रज अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या. दरबाराची बाजूही समजण्यासारखी होती. परक्या सत्तेच्या सावलीत येऊन कुणी आपल्या चौकात आपल्याच देवांवर बोलू लागला तर कोण ऐकून घेईल? हा दोष त्या मिशनच्या पदरी आहे आणि तो झाकायचे कारण नाही.

मग लोक त्यांच्याकडे गेले कशाला? इथे आपल्याला दोन गोष्टी पाहाव्या लागतील.

पहिली, छप्पन्याचा दुष्काळ. संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. माळव्यात दुष्काळ पडत नाही, ‘पग पग रोटी, डग डग नीर’, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या वर्षी तो अभिमान उरला नाही. मिशनच्या अनाथालयांत मुलेमुली भरली. आज माळव्यातल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ त्या अनाथालयाच्या दारापाशी सुरू होते. त्याच्या मागे काय होते ते त्यांना सांगता येत नाही. आपल्याकडे पुण्या-साताऱ्याहून कोण कुठल्या सरदाराबरोबर आले याच्या याद्या असतात. त्यांच्याकडे आहे एक वर्ष.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या ‘जातिनिर्मूलन’ या इंग्रजी निबंधात इंदूर जिल्ह्याचे एक उदाहरण दिले आहे. जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियातली बातमी त्यांनी तिथे उतरवली आहे. कनाडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या पंधराएक गावांतल्या सवर्णांनी, पाटील-पटवाऱ्यांसह, बलाई लोकांना फर्मान काढले. जरीकाठी पगडी घालायची नाही. रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. सवर्णांच्या घरी कुणी वारले तर कितीही लांबच्या नातेवाइकाला निरोप बलायांनी पोचवायचा, लग्नात वाजंत्री वाजवायची, बाळंतपणे करायची, आणि हे सर्व करून मोबदला मिळेल तो घ्यायचा. मान्य नसेल तर गाव सोडायचे. बलायांनी नकार दिला. त्यांना विहिरीवर पाणी बंद झाले, गुरे चारायला बंदी झाली, शेताला जायचा रस्ता अडवला गेला. त्यांनी दरबाराकडे अर्ज केले. वेळेवर दाद मिळाली नाही. शेकडो लोक बायकामुलांसह धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर अशा दुसऱ्या संस्थानांत निघून गेले.

तो दरबार आपला, मराठी होता. बिचोली मर्दाना आता इंदूर शहराला लागले आहे, तिथे मोठमोठ्या वसाहती झाल्या आहेत. या हकिगतीत मिशनचा काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो. पण ज्या मुलखात धोतराचा काठ कोणता असावा यावरून माणसाला गाव सोडावे लागे, त्या मुलखात एका शाळेत पटावर नाव लागणे आणि सगळ्यांबरोबर एका बाकावर बसणे याची किंमत काय असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. लोक दुधाच्या भुकटीला भुलून गेले असे म्हणणे फार सोपे आहे.

आता महाराष्ट्राकडे वळतो, कारण सी.एन.आय.मध्ये जसा कॅनडाचा प्रवाह आला तसा एक अस्सल मराठी प्रवाहही आला. अमेरिकन मराठी मिशन हे मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरला १८३१ पासून काम करीत होते. याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. रेव्हरंड ना. वा. टिळक याच मिशनचे. कोकणातले चित्पावन, उत्तम कवी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी पुढे पाच वर्षांनी. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. पण ते आपण विनोदासाठी आणि टिळकांच्या विक्षिप्तपणासाठी वाचतो. पुन्हा वाचाल तर एका सोवळ्यात वाढलेल्या बाईच्या मनातून शिवाशीव कशी टप्प्याटप्प्याने, कुरकुरत गळून पडली, तेवढेच बघत वाचा. समाजसुधारणेवरच्या दहा ग्रंथांत सापडणार नाही ते तिथे आहे.

टिळकांची शेवटची दोन वर्षे आजच्या विषयाला फार जवळची आहेत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही लोक ख्रिस्ताचे शिष्य म्हणून चालत. म्हणजे सभासद व्हायला आधी आपला समाज सोडून या, अशी अट नाही. मिशनरी मंडळींना हे पटण्यासारखे नव्हतेच. हिंदू समाजानेही त्याची फारशी दखल घेतली नाही. १९१९ मध्ये टिळक वारले आणि तो दरबार वाढू शकला नाही. मला स्वतःला वाटते, की मराठी माणसाने या धर्मात काही स्वतःचे घातले असेल तर ते हे.

पंडिता रमाबाईंचा इथे ओझरता उल्लेख करतो, कारण त्यांची केडगावची संस्था कुठल्याच एका पंथाच्या चौकटीत मावली नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वांटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींशी त्या पत्रांतून सतत वाद घालत राहिल्या. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती मान देणार नाही, असा त्यांचा बाणा होता. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या या मध्य प्रांतात फिरून त्यांनी विधवा आणि मुली केडगावला नेल्या, हे आपण मध्य प्रदेशात राहणाऱ्यांनी तरी लक्षात ठेवायला हवे.

हे सगळे प्रवाह एक कसे झाले? १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, म्हणजे माळव्याचे कॅनडावाले आणि नगरचे अमेरिकन मराठी मिशनवाले, ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त एकत्र आले. लगेच पुढच्या वर्षी, १० जून १९२५ रोजी, कॅनडातही मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुसंख्य प्रेस्बिटेरियन मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ कॅनडा’ झाले. जे प्रेस्बिटेरियन त्यात गेले नाहीत, ते वेगळे राहिले. गंमत अशी, की टोरांटोतल्या या वाटणीमुळे इथले क्षेत्रही वाटले गेले. माळवा एकीकडे आणि भिलांचा मुलूख दुसरीकडे. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले म्हणजे वाड्याच्या मधोमध भिंत येते, तसेच.

त्यानंतरची मोठी जुळवाजुळव उत्तर भारतात चाळीस वर्षे चालली. १९२९ मध्ये लखनौला बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या मिळून सी.एन.आय. स्थापन झाले. अँग्लिकन, युनायटेड चर्च, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. याच नागपुरात चौदा वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली होती. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध कुणी लावत नाही, मीही ओढूनताणून लावत नाही. पण शहर तेच.

या सहांच्या चालीरीतींत काय अंतर होते ते पाहा. बॅप्टिस्ट म्हणणार, समज आल्याशिवाय बाप्तिस्मा देऊच नये. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तान्ह्या मुलाला देणार. एकाला बिशप हवा, दुसऱ्याला बिशप नावाचीच चीड. आपल्याकडे स्मार्त-भागवत एकादशीवरून जे होते त्याच्या दसपट. तोडगा असा निघाला, की बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये चालतील. ज्याला जी पटेल ती त्याने पाळावी, दुसऱ्याची खोटी म्हणू नये. बिशप राहील, पण घटनेने बांधलेला. निर्णय धर्मप्रांताची परिषद आणि सिनॉड घेईल, आणि तिथे पाळकांबरोबर सामान्य सभासदही बसतील. श्रद्धेचा गाभा जुनाच: एक देव, येशू ख्रिस्तात प्रकट झालेला, पवित्र शास्त्र हा आधार, आणि शेकडो वर्षांचे दोन मतांगीकार. बाकी सगळ्याला मोकळीक. समावेशक हा शब्द आजकाल कशालाही लावतात. इथे त्याचा अर्थ एवढाच होता, की एकत्र राहण्यासाठी प्रत्येकाने आपली एक हट्टाची गोष्ट खाली ठेवली.

त्यांच्या श्रद्धेत सामाजिक न्याय कुठून येतो, असे कुणी विचारील. ते स्वतः जुन्या करारातल्या संदेष्ट्यांकडे बोट दाखवतात. हे संदेष्टे राजाला आणि पुरोहिताला तोंडावर सुनावणारे होते: गरिबाची जमीन गिळून तुम्ही होम-हवन करता, ते देवाला नको आहे. आपल्याकडे संतांनी जे केले त्याच जातीचे हे बोलणे. सिनॉडच्या समाजसेवा विभागाचा भर आधी अन्न-औषध वाटण्यावर होता. पुढे तो दलित आणि आदिवासींच्या हक्कांकडे वळला. बाईला पाळकपद मिळाले. बिशपपद मिळायला मात्र चौपन्न वर्षे लागली. २०२४ मध्ये ओडिशातल्या फुलबनी धर्मप्रांतात व्हायोलेट नायक या सी.एन.आय.च्या पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. फुलबनी म्हणजे कंधमाळ. २००८ मध्ये जिथे ख्रिस्ती वस्त्या जाळल्या गेल्या, तोच भाग.

कॅनडातली त्यांची बहीण-मंडळी याबाबत पुष्कळ पुढे गेली. तिथे बाईला दीक्षा १९३६ मध्येच मिळाली. १९८८ मध्ये त्यांनी ठरवले, की माणसाचा लैंगिक कल कोणताही असो, सभासदत्व आणि पाळकपद त्याला बंद नाही. त्यावरून कित्येक लोक चर्च सोडून गेले, तरी निर्णय टिकला. आपल्या इथल्या सी.एन.आय.ने समलिंगी विवाह मान्य केलेला नाही. त्या बाबतीत ते आपल्या शेजाऱ्यांसारखेच आहेत. मला कॅनडाची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिथल्या मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातली जात. त्यांतल्या काही शाळा या चर्चने चालवल्या होत्या. १९८६ मध्ये त्यांनी मूळ रहिवाशांची जाहीर क्षमा मागितली, १९९८ मध्ये शाळांबद्दल वेगळी मागितली. १९८८ मध्ये मूळ रहिवाशांनी उत्तर दिले ते असे: तुमची क्षमायाचना पोचली. स्वीकारली, असे ते म्हणाले नाहीत.

आणि इथे? चर्चमध्ये जात गेली का? नाही गेली. सोयरीक जुळवताना ती येते, निवडणुकीत येते, काही ठिकाणी दफनभूमीतही येते. हे दलित ख्रिस्ती स्वतःच बोलतात. शिवाय जुन्या मिशनच्या जमिनी मोक्याच्या जागी असल्याने त्यांच्या विक्रीवरून कज्जे चालतात. २०२२ मध्ये आपल्याच राज्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने जबलपूरच्या तत्कालीन बिशपच्या घरावर छापा घातला, तेव्हा दीड कोटीहून जास्त रोकड निघाली. न्यायाची भाषा बोलणाऱ्या संस्थेला हे शोभत नाही.

आता धर्मांतराचा मुद्दा, कारण चर्चेत तो निघणारच. १९५६ मध्ये जुन्या मध्य प्रदेशात नियोगी समितीचा आणि आपल्या मध्य भारतात रेगे समितीचा अहवाल आला. दोन्हींत मिशनऱ्यांवर ताशेरे होते. १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्य कायदा झाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे म्हटले. २०२१ च्या नव्या कायद्यात साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवणे आले. एवढे कायदे होऊनही २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशातले ख्रिस्ती किती? सुमारे २ लाख १३ हजार, म्हणजे शेकडा ०.२९. दीडशे वर्षांच्या कामानंतर. भीती आणि आकडा यांचा मेळ बसत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. बळाने किंवा फसवून कुणी करीत असेल त्याला शिक्षा व्हावी, यात दुमत नाही.

ज्यावर आपल्याला मत द्यावे लागणार आहे असे सुरुवातीला म्हटले, तो प्रश्न याहून वेगळा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मूलतः हिंदूंनाच होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. आपल्या महाराष्ट्रातल्या नवबौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे थांबावे लागले, ही लढाई आपल्याला माहीत आहे. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेर आहेत. बाप्तिस्मा घेतला की राखीव जागा जाते, राखीव मतदारसंघातून उभे राहता येत नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही उरत नाही. शिवी देणारा मात्र बाप्तिस्म्याचा दाखला बघून शिवी देत नाही. आदिवासींना ही अट नाही. आमखुटचा ख्रिस्ती भिल्ल अनुसूचित जमातीतच राहतो. आता त्यालाही यादीतून काढा अशी मागणी झाबुआ-अलीराजपूरकडे होत असते.

२००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. आयोगाच्या सदस्य-सचिवांनी मात्र विरोधी मत नोंदवले. विरोधकांचा युक्तिवाद असा, की तुमच्या धर्मात जात नाही म्हणता, मग जातीची सवलत कशी मागता? शिवाय वाटेकरी वाढले की हिंदू आणि बौद्ध दलितांच्या वाट्याला कमी येणार. दुसरा मुद्दा खरा आहे आणि त्याचे उत्तर टक्केवारी वाढवण्यात शोधावे लागेल. पहिला मला पटत नाही. बुद्धाच्या धम्मातही जात नाही, आणि तरी १९९० मध्ये आपण तो न्याय मानला. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने पुन्हा आयोग नेमला आणि त्याला मुदतवाढ मिळत गेली. आपल्या समाजाने या प्रश्नावर एक निवेदन द्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. मजकुरावर वाद होईल, तो व्हावा.

पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. ज्याचा पणजोबा छप्पन्याच्या साली मिशनच्या दारात सापडला, तो उज्जैनचा माणूस धर्म सांगेल ख्रिस्ती. जातीच्या रकान्यात त्याने काय सांगायचे, आणि सांगितलेले कुठल्या यादीत मोजायचे, हे ठरवणाऱ्यांत आपले प्रतिनिधी आहेत.